बाळाच्या लंगोटाच्या जागेला कोणती क्रीम लावताय? ट्यूब उलटी करून आधी हे वाचा

मे महिना होता. परभणीत पारा ४२ अंशांच्या पुढे गेलेला. माझी ताई सात महिन्यांची लेक घेऊन माहेरी, म्हणजे आमच्याकडे मानवतला आली होती. प्रवासात बाळाला दिवसभर डायपर (आमच्या घरात सगळे त्याला 'हगीज'च म्हणतात, कंपनी कुठलीही असो), त्यात उकाडा आणि वर दोन दिवस पातळ शी. तिसऱ्या दिवशी बाळाची लंगोटाची जागा लालभडक. हात लावला तरी लेकरू किंचाळायचं.

दाजी मेडिकलवर गेले. "बाळाला रॅश आलीय, काहीतरी क्रीम द्या," म्हणाले. एक छोटी ट्यूब मिळाली. लावली आणि दुसऱ्याच दिवशी लाली गायब! घरातले सगळे खूश. मग ती ट्यूब ताईच्या पिशवीत कायमची बसली. थोडं लाल दिसलं की लाव. लाल नसलं तरी रात्री लाव, म्हणजे होणार नाही.

पाचेक आठवडे गेले. बाळाचे गाल चांगले गोल झाले. येणारा-जाणारा म्हणायचा, "माहेरचं बाळसं चढलं बघा!" आईने तर दोनदा दृष्ट काढली.

पुढे लसीकरणाच्या निमित्ताने परभणीत बालरोगतज्ज्ञांकडे गेल्यावर त्यांनी गालांकडे पाहिलं आणि विचारलं, "बाळाला कुठली क्रीम लावता का?" ताईने ट्यूब काढून दिली. त्यांनी ती उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचली. त्यात एक ताकदवान स्टेरॉइड, एक अँटिबायोटिक आणि एक बुरशीनाशक होतं. ज्याला आम्ही बाळसं म्हणत होतो, ती औषधाने आलेली सूज होती.

भाची आता ठणठणीत आहे. पण तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. डायपर रॅशवर क्रीम लावणं ही इतकी साधी गोष्ट, ती चुकते कुठे? आणि मेडिकलवरून ट्यूब आणताना आपण नेमकं काय बघायला हवं? तेच या लेखात समजून घेऊ.

लंगोटाची जागा लाल का होते?

आपल्याकडे पहिला संशय डायपरवर जातो, नाहीतर बाळाला 'उष्णता झाली' असं म्हटलं जातं. खरी गोष्ट थोडी वेगळी आहे.

निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते. तिचा पीएच साधारण ५.५ च्या आसपास असतो. हा आम्लपणा त्वचेचं संरक्षण करतो. लंगोटात शू आणि शी एकत्र आली की शीमधल्या जिवाणूंमुळे शूमधल्या युरियाचं विघटन होतं आणि अमोनिया तयार होतो. त्याने तिथला पीएच वाढतो. पीएच वाढला की शीमधली पचनाची एन्झाइम्स जास्त जोमाने काम करू लागतात. ही एन्झाइम्स प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ पचवण्यासाठी असतात. बाळाची त्वचाही प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थांचीच बनलेली असते. म्हणजे सोप्या भाषेत, त्वचेचा वरचा थर 'पचायला' लागतो.

त्यात ओल असते, घाम असतो आणि कापडाचं किंवा डायपरचं घासणं असतं. ओली त्वचा लवकर सोलली जाते. म्हणून हगवण लागली की रॅश हमखास येते. वरचं खाणं सुरू झाल्यावर शी बदलते, तेव्हाही रॅश वाढते. साधारण ९ ते १२ महिन्यांच्या बाळांमध्ये हा त्रास जास्त दिसतो, त्याचं हे एक कारण आहे.

म्हणजे रॅश हा बहुतेक वेळा मुळात जंतूंचा आजार नसतो. ओल आणि शी-शूमुळे त्वचेला झालेली ती इजा असते. ही एक गोष्ट लक्षात राहिली की पुढचं सगळं सोपं होतं.

मग क्रीमचं काम काय?

इजा शी-शूमुळे होते, तर उपाय म्हणजे शी-शू आणि त्वचा यांच्यामध्ये आडोसा उभा करणं. डायपर रॅशच्या साध्या क्रीमचं एवढंच काम आहे. ती औषध कमी आणि रेनकोट जास्त असते. आडोसा मिळाला की त्वचा स्वतःच भरून येते.

हा आडोसा देणारे मुख्य पदार्थ दोन:

- झिंक ऑक्साइड. ही पांढरी, घट्ट पेस्ट असते. रॅशच्या क्रीममध्ये तिचं प्रमाण साधारण १० ते ४० टक्के असतं. त्वचा बरीच लाल असेल तर जास्त प्रमाणाची, घट्ट पेस्ट उपयोगी पडते.
- पेट्रोलियम जेली. बिनवासाची, बिनरंगाची, साधी. रॅश नसताना रोजच्या वापरासाठी किंवा नुकती लाली सुरू झाली असताना ही पुरते.

यातला कुठलाही पदार्थ एका रात्रीत जादू करत नाही. साध्या रॅशला उतरायला दोन-तीन दिवस लागतात. नेमकी इथेच घाई होते. एका दिवसात लाली घालवणारी ट्यूब आपल्याला चांगली वाटते. पण बाळाच्या बाबतीत एका रात्रीत लाली गेली, तर ट्यूबमध्ये काय आहे हे तपासायलाच हवं.

ताईच्या ट्यूबमध्ये असं काय होतं?

स्टेरॉइड. हे दाह दाबणारं औषध आहे. लाली, खाज, सूज पटकन उतरते. स्टेरॉइड म्हणजे विष नव्हे. गरज असेल तर डॉक्टर बाळालाही हायड्रोकॉर्टिसोनसारखं सौम्य स्टेरॉइड मोजके दिवस देतात. प्रश्न येतो तो ताकदवान स्टेरॉइड, ते डायपरखाली आणि तेही आठवडेच्या आठवडे लावलं जातं तेव्हा.

असं का? तीन कारणं आहेत.

पहिलं, वजनाच्या मानाने बाळाच्या त्वचेचा पसारा मोठ्या माणसापेक्षा बराच जास्त असतो. त्यामुळे तेवढ्याच जागेला लावलेलं औषध बाळाच्या शरीरात तुलनेने जास्त जातं.

दुसरं, सगळ्या अंगाची त्वचा सारखी शोषत नाही. १९६७ मध्ये फेल्डमन आणि मायबाक या अमेरिकी संशोधकांनी प्रौढ पुरुषांवर केलेला अभ्यास आजही सांगितला जातो. हाताच्या पुढच्या भागातून जेवढं हायड्रोकॉर्टिसोन शोषलं गेलं, त्याच्या सुमारे ४२ पट वृषणाच्या त्वचेतून शोषलं गेलं. म्हणजे आपण जिथे लंगोट बांधतो, ती जागाच औषध जास्त पिणारी आहे. त्यात त्वचा सोललेली असेल तर आणखी जास्त.

तिसरं, वरून डायपर. औषध लावून त्यावर हवाबंद पट्टी बांधली की औषध जास्त आत जातं. त्वचारोगतज्ज्ञ मोठ्या माणसांत काही आजारांसाठी हे मुद्दाम करतात. बाळाच्या बाबतीत डायपर हेच काम करतो, फक्त आपल्या नकळत.

असं स्टेरॉइड आठवडेच्या आठवडे रक्तात जात राहिलं की शरीर स्वतःचं नैसर्गिक कॉर्टिसोल बनवणं कमी करतं. बाळाचा चेहरा गोल होतो, वजन वाढतं, पण उंची त्या मानाने वाढत नाही. कपाळावर, गालांवर लव वाढते. बाळ चिडचिडं होतं, जंतुसंसर्ग लवकर होतात, रक्तदाबही वाढू शकतो. याला कुशिंग सिंड्रोम म्हणतात. डायपर रॅशवर क्लोबेटासोलसारखी स्टेरॉइड क्रीम लावल्यामुळे बाळांना कुशिंग झाल्याच्या नोंदी भारतासह अनेक देशांच्या वैद्यकीय नियतकालिकांमध्ये आहेत.

आपल्याकडे धोका आणखी एका कारणाने वाढतो. गोल गाल दिसले की आपण खूश होतो. बाळसं धरलं म्हणतो, दृष्ट काढतो. काळजी करावी अशी खूण आपल्याला कौतुकाची वाटते. म्हणून गाल अचानक गोल होऊ लागले आणि बाळाला कुठलीही ट्यूब सुरू असेल, तर आधी ती ट्यूब डॉक्टरांना दाखवा.

शिवाय स्टेरॉइड बुरशीला वाव देतं. वरची लाली दबते, खाली बुरशी पसरते, ट्यूब थांबवली की दुपटीने उसळते. मग आपण पुन्हा तीच ट्यूब आणतो. हे चक्र महिनोन् महिने चालू शकतं. त्वचा पातळ होते, ती वेगळीच.

पण हे चिठ्ठीशिवाय मिळतं कसं?

'ओटीसी', म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेता येणारी औषधं, हा शब्द आपण सर्रास वापरतो. पण भारताच्या औषध कायद्यात अशी वेगळी यादीच नाही. कायदा उलट बाजूने चालतो. कोणती औषधं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, ते तो सांगतो. ती 'शेड्यूल एच', 'एच १' आणि 'एक्स' या याद्यांमध्ये असतात. जे या याद्यांत नाही, ते व्यवहारात सहज मिळतं.

शेड्यूल एचच्या तळटीपेत बरीच वर्षं एक सूट होती. यादीतल्या औषधांपासून बनवलेल्या, पण त्वचेवर बाहेरून लावायच्या उत्पादनांना ती लागू होती. त्यातून स्टेरॉइड क्रीम बाजारात सुटल्या. गोरं होण्यासाठी, गजकर्णासाठी, पुटकुळ्यांसाठी लोक त्या सर्रास वापरू लागले. त्वचारोगतज्ज्ञांची देशपातळीवरची संघटना आयएडीव्हीएल हिने याविरोधात खास कृतिगट नेमून मोहीम चालवली. अखेर मार्च २०१८ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने अधिसूचना काढून त्वचेवर लावायच्या १४ स्टेरॉइडना शेड्यूल एचमध्ये घेतलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सरकारने ३२८ मिश्र औषधांवर बंदी घातली. त्यात स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीनाशक एकत्र असलेल्या काही क्रीमही होत्या.

म्हणजे कागदावर नियम आहे. पण तालुक्याच्या गावात संध्याकाळी मेडिकलच्या काउंटरवर गर्दी असते. आपण फक्त "रॅशची क्रीम द्या" म्हणतो. बाळ किती महिन्यांचं, कुठे रॅश, किती दिवस झाले, हे आपण सांगत नाही आणि समोरचाही नेहमी विचारतोच असं नाही. त्यामुळे शेवटची तपासणी आपल्यालाच करावी लागते.

ट्यूब कशी वाचायची?

ट्यूबवरचं नाव आणि हसऱ्या बाळाचं चित्र बाजूला ठेवा. मागे बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात. बहुतेक वेळा इंग्रजीत. वाचता येत नसेल तर मोबाइलवर फोटो काढून अक्षरं मोठी करा, किंवा दुकानात उभं असतानाच विचारा, "यात स्टेरॉइड आहे का?" हा प्रश्न विचारण्यात लाज नाही.

मग हे बघा:

१. लाल चौकट, लाल रेघ किंवा 'आरएक्स' ही खूण आहे का? असेल तर ते चिठ्ठीचं औषध आहे. डॉक्टरांनी याच बाळासाठी, याच वेळी लिहून दिलं नसेल तर घेऊ नका.

२. घटकांत 'सोन' किंवा 'सोल' आहे का? इंग्रजीत शेवट 'एस-ओ-एन-ई' असा असेल (बीटामेथासोन, मोमेटासोन, बेक्लोमेथासोन, डेक्सामेथासोन, हायड्रोकॉर्टिसोन) तर ते स्टेरॉइड आहे. क्लोबेटासोलचा शेवट 'एस-ओ-एल' असतो आणि ते सर्वांत ताकदवान स्टेरॉइडपैकी एक आहे. फ्लुओसिनोलोन आणि ट्रायमसिनोलोन हीसुद्धा स्टेरॉइडच.

इथे एक गफलत होते. क्लोट्रिमाझोल, मायकोनाझोल अशी 'झोल'ने संपणारी नावं बुरशीनाशकांची आहेत, स्टेरॉइडची नाहीत. क्लोबेटासोल आणि क्लोट्रिमाझोल घाईत वाचले तर सारखेच वाटतात. काम मात्र जवळजवळ उलटं. एक बुरशी मारतं, दुसरं तिला वाढू देतं.

३. तीन-चार औषधं एकत्र आहेत का? ब्रँडच्या नावापुढे 'जीएम', 'प्लस' अशी शेपटी दिसली की सावध व्हा. 'जीएम' म्हणजे अनेकदा जेंटामायसिन हे अँटिबायोटिक आणि मायकोनाझोल, आणि त्यांच्या जोडीला स्टेरॉइड. साध्या रॅशला अँटिबायोटिकची गरज नसते. नियोमायसिनसारख्या काही अँटिबायोटिकची त्वचेवर अ‍ॅलर्जीही येते.

४. बोरिक अ‍ॅसिड आहे का? आपल्या घरात ओठ फुटले, टाचा फुटल्या, भाजलं, कापलं, सगळ्याला लावायची एक अँटिसेप्टिक क्रीम असतेच. अशा काही क्रीममध्ये बोरिक अ‍ॅसिड असतं. मोठ्यांच्या टाचेला ठीक. पण सोललेल्या त्वचेतून ते बाळाच्या शरीरात जातं. एकेकाळी लंगोटाच्या जागेला बोरिक पावडर लावायची पद्धत जगभर होती आणि त्यातून बाळांना विषबाधा झाली. १९५३ मध्येच एका वैद्यकीय नियतकालिकात बोरिक अ‍ॅसिडच्या विषबाधेच्या जगभरातल्या १०९ नोंदींचा आढावा छापून आला होता. त्यामुळे घरातली 'ऑल इन वन' क्रीम बाळाच्या लंगोटात नको.

५. कापूर, मेंथॉल, फिनॉल, सॅलिसिलेट किंवा तीव्र सुवास आहे का? यातलं काहीही लंगोटाच्या जागेला नको. सर्दीचा बाम किंवा घामोळ्याची थंडगार पावडर याच कारणाने तिथे लावायची नाही. कॅलामाइनच्या काही लोशनमध्येही कापूर वगैरे घातलेलं असतं, म्हणून तेही वाचून घ्या.

६. मुदत संपलीय का? आधीच्या लेकराची किंवा शेजारणीच्या बाळाची उरलेली ट्यूब वापरू नका. त्या बाळाला डॉक्टरांनी दुसऱ्याच कारणासाठी दिलेली असू शकते.

सगळ्यात सुरक्षित ट्यूब ओळखायची खूण एकच. घटकांची यादी छोटी असते. झिंक ऑक्साइड किंवा पेट्रोलियम जेली, आणि त्यांना धरून ठेवणारा साधा मलमाचा पाया. बस.

लावायची कशी?

चांगली क्रीमही चुकीची लावली तर उपयोग होत नाही.

- आधी स्वतःचे हात धुवा. मग बाळाची जागा कोमट पाण्याने आणि मऊ सुती कापडाने किंवा कापसाने टिपून घ्या. घासू नका. मुलींच्या बाबतीत पुढून मागे पुसा. साबण रोज नको. पाण्यात जंतुनाशक द्रव टाकून धुणं तर अजिबात नको, त्याने त्वचा आणखी जळते.
- ओले वाइप्स वापरत असाल तर बिनवासाचे, अल्कोहोल नसलेले घ्या. रॅश जास्त असेल तेव्हा पाणीच बरं.
- जागा पूर्ण कोरडी होऊ द्या. ओलीवर क्रीम लावली तर ओल आत अडकते.
- आता झिंकची पेस्ट जाडसर लावा. भाकरीवर लोणी थापतो तशी. चोळून जिरवायची नाही. ती त्वचेवर पांढरी दिसली पाहिजे.
- पुढच्या वेळी बदलताना सगळी पेस्ट खरवडून काढू नका. मळलेला वरचा थर तेवढा टिपा आणि त्यावर नवा थर द्या. खरवडण्यानेच अनेकदा त्वचा सोलते.
- डॉक्टरांनी बुरशीचं औषध दिलं असेल तर ते आधी, पातळ लावा. थोड्या वेळाने वरून झिंकचा आडोसा.
- ट्यूबचं झाकण लावून ती बाळाच्या हातापासून दूर ठेवा. सात-आठ महिन्यांचं लेकरू हाताला लागेल ते तोंडात घालतं.

आणि क्रीमपेक्षाही मोठा उपाय म्हणजे हवा. दिवसातून तीन-चार वेळा बाळाला दहा-पंधरा मिनिटं उघडं ठेवा. खाली दुपटं टाका, शू झाली तर होऊ द्या. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दुपारी घरात असताना डायपर न घालता सुती लंगोट बरा. मात्र लंगोटावर रबरी किंवा प्लॅस्टिकची चड्डी चढवली तर त्याचा फायदा जातो. लंगोट धुतल्यावर साबण पूर्ण निघेपर्यंत खळखळून काढा आणि उन्हात वाळवा. उन्हाची आपल्याकडे कमी नाही.

डायपर वापरत असाल तर शी झाली की लगेच, नाहीतर दर दोन-तीन तासांनी बघून बदला. पाकिटावर 'बारा तास कोरडं' लिहिलंय म्हणून बारा तास ठेवायचं नसतं. डायपर महाग पडतो म्हणून तो जास्त वेळ ठेवला जातो, हे अनेक घरांत होतं. त्यापेक्षा प्रवासात आणि रात्री डायपर आणि दिवसा लंगोट, हे खिशाला आणि त्वचेला दोन्हीला परवडतं.

पावडर लावली तर?

आजी लोकांचा आवडता उपाय. पण बाळाच्या लंगोटात टाल्कम पावडर नको, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. पावडर उडते आणि श्वासातून बाळाच्या फुप्फुसात जाऊ शकते. ओलीवर पडली की तिच्या गुठळ्या होतात आणि मांड्यांच्या घड्यांत त्या घासतात. क्रीमवर पावडर हा प्रकारही टाळा.

पावडरीचा विषय निघाला की आपल्या राज्यातलं एक प्रकरण आठवतं. सप्टेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने जॉन्सन अँड जॉन्सनच्या मुलुंडमधल्या कारखान्याचा बेबी पावडर बनवण्याचा परवाना रद्द केला. पुणे आणि नाशिकमध्ये घेतलेल्या नमुन्यांचा पीएच बाळांच्या पावडरीसाठी ठरलेल्या मानकात बसत नव्हता, असं प्रशासनाचं म्हणणं होतं. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाच्या आदेशाने नव्याने तपासलेले नमुने मानकात बसले. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने प्रशासनाचे आदेश रद्द केले. कंपनीने त्याआधीच, ऑगस्ट २०२२ मध्ये, जगभरातच टाल्कची बेबी पावडर बंद करून मक्याच्या स्टार्चकडे वळायचं जाहीर केलं होतं.

निकाल कंपनीच्या बाजूने लागला. पण बाळाच्या त्वचेवर जाणाऱ्या वस्तूचा पीएचसुद्धा मोजला जातो, हे या प्रकरणामुळे अनेकांना पहिल्यांदा कळलं.

फ्रान्समध्ये १९७२ साली घडलं ते याहून फार भयंकर. 'टाल्क मोरहांज' नावाच्या बेबी पावडरीत कारखान्यातल्या चुकीने हेक्झाक्लोरोफीन हे जंतुनाशक ६ टक्के मिसळलं गेलं. लंगोटाखालच्या त्वचेतून ते शोषलं जाऊन ३६ बालकांचा मृत्यू झाला. 'वरून तर लावायचंय, पोटात थोडंच जातंय,' हे वाक्य बाळांच्या बाबतीत किती चुकीचं आहे, ते यातून समजतं.

आणि हळद, तुरटी, खोबरेल?

हळद, तुरटी, मुलतानी माती, चंदनाची उटी, राख, यातलं काहीही सोललेल्या त्वचेवर नको. त्याने जळजळ होते, अ‍ॅलर्जी येऊ शकते आणि खालची त्वचा कशी आहे ते डॉक्टरांना दिसत नाही.

शुद्ध खोबरेल तेलाचा हात कोरड्या, न सोललेल्या त्वचेवर फिरवला तर सहसा त्रास होत नाही. पण हगवणीत ते पुरत नाही. पातळ तेल लगेच पुसलं जातं, तिथे घट्ट पेस्टच लागते. मालिशच्या बाईला रॅश असेपर्यंत तेवढी जागा सोडायला सांगा.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

साधी काळजी आणि झिंकची क्रीम सुरू करून दोन-तीन दिवसांत फरक दिसला नाही, तर दाखवा. खालीलपैकी काही असेल तर वाट बघू नका:

- जांघेच्या घड्यांमध्ये गडद लाली आणि तिच्या कडेला वेगळे छोटे लाल ठिपके. ही बहुतेकदा बुरशी असते. साध्या रॅशमध्ये घड्यांच्या आतली त्वचा सहसा वाचलेली असते. बाळाने नुकतंच अँटिबायोटिक घेतलं असेल किंवा तोंडात पांढरा थर असेल तर शक्यता आणखी वाढते.
- पू, फोड, रक्त, पिवळसर खपल्या.
- ताप, दूध कमी पिणं, बाळ मलूल वाटणं.
- बाळ दीड महिन्यापेक्षा लहान असणं.
- लंगोटाच्या जागेसोबत तोंडाभोवती आणि हातापायांवरही चट्टे, सोबत हगवण आणि केस गळणं. यामागे शरीरात झिंक कमी असण्याचा आजार असू शकतो. तो क्रीमने बरा होत नाही, तपासणी लागते.

जायचं कुठे? बाळ दीड महिन्याचं होईपर्यंत आशाताई ठरलेल्या दिवशी घरी येतात. ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. पुढे तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत दर तीन महिन्यांनी त्यांची भेट असते. त्या वेळी वजनासोबत लंगोटाची जागाही दाखवा. जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र, तालुक्याचं सरकारी रुग्णालय किंवा परभणीचं जिल्हा रुग्णालय, कुठेही दाखवता येतं. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळावर सरकारी रुग्णालयात मोफत उपचार होतात. गावातून निघणं लगेच शक्य नसेल तर ई-संजीवनी या सरकारी सेवेवर मोबाइलवरून डॉक्टरांशी मोफत बोलता येतं.

जाताना आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब, खोक्यासकट घेऊन जा. "एक पांढरी ट्यूब होती" एवढ्यावरून कुणालाच काही कळत नाही.

स्टेरॉइडची ट्यूब आधीच लावत असाल तर?

हे वाचताना तुम्ही घरातली ट्यूब उलटी केली आणि त्यात स्टेरॉइड सापडलं, तर घाबरू नका. एक-दोन दिवसच लावली असेल तर थांबवा आणि साध्या झिंकवर या.

पण काही आठवडे रोज लावत असाल, तर स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. लगेच बालरोगतज्ज्ञांना दाखवा. बाळाच्या शरीराने स्वतःचं कॉर्टिसोल बनवणं कमी केलेलं असू शकतं. अशा वेळी बाहेरचं औषध एकाएकी तोडलं आणि त्यात ताप किंवा जुलाब झाले, तर बाळ गंभीर आजारी पडू शकतं. औषध कसं कमी करायचं ते डॉक्टर ठरवतात. ताईच्या लेकीचंही तसंच झालं. रक्त तपासलं, औषध टप्प्याटप्प्याने सोडवलं आणि काही महिन्यांनी गाल पुन्हा तिचे स्वतःचे झाले.

एखाद्या औषधाने दुष्परिणाम झाला असं वाटलं तर त्याची नोंदही करता येते. केंद्र सरकारच्या औषध दक्षता कार्यक्रमाचा टोल फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे.

थोडक्यात

रॅश म्हणजे ओल आणि शी-शूमुळे झालेली इजा. त्यावर हवा, स्वच्छ पाणी आणि झिंकचा जाडसर आडोसा, एवढं बहुतेक वेळा पुरतं. दोन-तीन दिवसांत बरं वाटलं नाही तर दुसरी ट्यूब नको, डॉक्टर हवेत.

आमच्या घरात आता नियम झालाय. बाळासाठी मेडिकलवर जो जाईल, त्याने काउंटरवरच ट्यूब उलटी करून वाचायची आणि विचारायचं, "यात स्टेरॉइड नाही ना?" परवा दाजींनी विचारलं, तर दुकानदाराने हातातली ट्यूब परत ठेवली आणि दुसरी काढून दिली.